संत्र्याच्या सालीची कंपनी

ज्यांना मी मालक म्हणत असे, ते मंगळवारी सकाळी वारले. मी वरच्या भाड्याच्या खोलीतून खाली आलो आणि त्यांच्या तोंडात पाणी घातलं. दुपारी नदीवरून परतलो. बुधवारी शाळेत गेलो आणि हजेरी घेतली.

त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी हसू येतं. मेलेल्या माणसाबद्दल हे बरं नाही, हे मला कळतं. पण ज्याने त्यांना पाहिलं असेल तो मला समजून घेईल. मालकांची मिशी उजव्या बाजूला गालापर्यंत वळलेली होती आणि डाव्या बाजूला उंदराने कुरतडलेल्या सुतळीएवढीच उरली होती. नवा माणूस त्यांच्याशी बोलू लागला की थोड्या वेळाने त्याची मान आपोआप तिरकी होई.

मालकांचा कागदावर विश्वास नव्हता. का नव्हता याची त्यांनी मला निरनिराळी कारणं सांगितली. एकदा म्हणाले, त्यांच्या लग्नाचा ठराव लिहिलेला कागद सासऱ्याच्या बैलाने खाल्ला आणि त्यामुळे कबूल केलेली घागर मिळाली नाही. दुसऱ्यांदा तो बैल वडिलांचा होता आणि कागद जमिनीचा होता. बैल मात्र दोन्ही वेळा पांढराच होता.

"कागद बैल खाते, मास्तर," ते म्हणत. "वाळवी खाते. पान्यानं वल्ला होते. बोललेलं कोन खाते, सांगा."

मी शाळामास्तर. माझ्या खोलीत भिंतीला लागून पुस्तकांच्या तीन पेट्या होत्या आणि त्यांच्याकडे मालक नेहमी काळजीने पाहत. वाळवी लागली तर मी सगळं शिकलेलं विसरेन, असं त्यांना मनापासून वाटत असावं.

भाड्याची चिठ्ठी त्यांनी मला कधी दिली नाही. त्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते जिना चढून वर येत, दारात उभे राहत आणि करार म्हणून दाखवत. "खोली एक. खिडक्या दोन, त्यातली एक लागत नाई. पानी विहिरीचं. भाडं चार रुपये. मांजर तुमचं." मग मी "मान्य" म्हणायचं. एकदा मी मान हलवून मोकळा झालो, तर ते हलेनात. "मान नोको हालवू गा, मास्तर. तोंडानं म्हना. मान काय बकरीबी हालवते."

लोकांकडून पैसे घेताना त्यांची पद्धत अशी होती. समोरच्या माणसाला ओसरीवर बसवायचं. मला खाली बोलवायचं. मग डाव्या मिशीचा एक केस उपटायचा, तो त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि शब्द द्यायचा. जुन्या काळी माणसं मिशीचा केस गहाण टाकत, असं मी ऐकलं होतं. ते करताना पाहिलेला माणूस मात्र हा एकच. केस उपटताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. समोरच्याला वाटे, मालक गहिवरले. त्यामुळे तोही गहिवरे आणि कधी कधी दोन रुपये जास्त देई.

उजव्या मिशीला ते हात लावत नसत. ती घरची, म्हणत. धंद्याची डावी.

माझं काम ऐकण्याचं. मालकांनी मला साक्षीदार नेमलं होतं. का, तर मी कमी बोलतो. जो कमी बोलतो त्याच्या आत जागा रिकामी असते आणि तिथे दुसऱ्याचं बोलणं नीट राहतं, असा त्यांचा हिशेब होता. एकदा मीही पंचवीस रुपये कंपनीत घालायची तयारी दाखवली, तर ते दुखावले. "मास्तर, तुमीच पैसे टाकले तं ऐकन कोन?"

कंपनी म्हणजे संत्र्याच्या सालीचं अत्तर काढण्याची कंपनी. याआधी त्यांनी दोन कंपन्या काढून बंद केल्या होत्या. त्या लहान होत्या, त्यांचं दुःख कुणाला झालं नाही. गल्लीत त्यांना सगळे कंपनीच म्हणत. "कंपनी आहे का घरी?" असं विचारत लोक येत.

हे त्यांच्या डोक्यात रेल्वे स्टेशनवर आलं. फलाटावर बसलेल्या माणसाने संत्रं सोललं, साल टाकली, आणि मालकांच्या बोटाला तिचा वास दिवसभर राहिला. एवढा वास, आणि लोक तो रुळांवर फेकतात, हे त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवसापासून ते पोतं घेऊन स्टेशनवर जाऊ लागले. कुणी संत्रं हातात घेतलं की मालक त्याच्यासमोर जाऊन उभे राहत, हात पुढे करून. माणूस गडबडून त्यांना फोड देई. ते फोड नम्रपणे परत करत आणि सालीसाठी थांबून राहत. पुढे काटोलच्या बाजारातून डागी फळांच्या गाड्याच येऊ लागल्या. फळं आम्ही खाल्ली. दोन महिने गल्लीत दुसरं काही कुणी खाल्लं नाही. साली मालकांच्या अंगणात, छपरावर, जिन्यावर आणि माझ्या न लागणाऱ्या खिडकीत वाळत पडल्या. सगळ्या पेठेतल्या गाई आमच्या दारात येऊन बसू लागल्या. मी शाळेत निघालो की त्या उठत नसत, मलाच वळसा घ्यावा लागे. त्या दिवसांत आमच्या गवळ्याच्या दुधाला वास येई. तो म्हणे, हे खास दूध आहे, आणि पैसा जास्त घेई. कंपनीतून कमावलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. म्हणजे, दुसरा एक होता. त्याच्याकडे येतोच.

खालच्या मोठ्या खोलीत मालकांनी तांब्याचा हंडा बसवला, त्याला वाकडी नळी लावली आणि भट्टी पेटवली. तिसऱ्या दिवशी आबकारीचा जमादार आला. घरात हंडा आणि नळी आहे, असं त्याला कुणीतरी कळवलं होतं. मालकांना फार आनंद झाला. सरकारला खबर लागली म्हणजे माल चांगला असणार. त्यांनी जमादाराला पाट दिला आणि वाटीत चार थेंब.

"हुंगायचं हाये, जमादारसाहेब," ते म्हणाले, पण जमादाराने तोवर वाटी तोंडाला लावली होती.

जमादाराने पाणी मागितलं. मग गूळ मागितला. जाताना म्हणाला, "ही दारू नाही. दारू असती तर बरं झालं असतं."

हे वाक्य मालकांनी पुढे सहा महिने प्रत्येकाला ऐकवलं, पहिल्या अर्ध्यापर्यंत.

आता गयाबाईबद्दल सांगायला हवं. गयाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी कोष्ट्याची विधवा. नवऱ्यामागे दोन माग तिने एकटीने चालवले. एकावर स्वतः बसे, दुसऱ्यावर मजुरीने विणकर बसवी. किनारीची लुगडी विणून ती पोटापुरतं आणि थोडं वर मिळवत होती. तिच्या दिराला तिची जागा हवी होती आणि मागांच्या आवाजाने आपलं डोकं दुखतं असं तो दिवसातून चार वेळा सांगे. गिरणीचं कापड स्वस्त झालं होतं. एका संध्याकाळी ती ओसरीवर येऊन बसली. मालकांनी मला खाली बोलावलं.

"माग इकले, भाऊ," ती म्हणाली. "दोन्ही. सूतबी. हे दोनशे दहा हायेत. तुमच्या कंपनीत टाका."

मालकांनी लगेच डाव्या मिशीला हात घातला.

"केस नोको मले," गयाबाई म्हणाली. "केसाचं काय करू मी? पदरात बांधू का? शब्द द्या."

मालक थोडे नाराज झाले. हात मिशीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "गयाबाई, आयक. कंपनी चालली तं नफ्यात तुया वाटा. कंपनी बुडली तं तुये दोन माग मी उभे करून देईन. माह्या घरातून देईन, कोनाच्या घरातून नाई. मास्तर, ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हणालो.

गयाबाईने पैसे मोजले नाहीत, मालकांनीही मोजले नाहीत. ती उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी येऊन साली निवडू लागली. मागावर बसायची सवय लागलेले तिचे पाय सूप हातात असतानाही खाली हलत असत.

दुसरा पैसेवाला म्हणजे लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी. त्याने पन्नास रुपये दिले आणि केस घेतला. त्याबरोबर भट्टीला लागणारं लाकूड मीच पुरवीन, अशी अटही घातली. ती मालकांना त्याची मायाच वाटली. तिसरा आमचा न्हावी. त्याने दहा रुपये दिले. मालक केस उपटू लागले तर तो म्हणाला, "राहू द्या, मालक. माह्या धोकटीत तुमचे दहा वर्षांचे पडले हायेत."

कंपनी एक वर्ष चालली. वर्षअखेरीला अत्तराची एक बाटली पूर्ण भरली आणि दुसरी अर्धी. पूर्ण बाटलीतून येणाऱ्या वासाचं वर्णन मला जमणार नाही. उकळलेली साल, तांबं आणि जळकं लाकूड असं काहीतरी त्यात होतं. गाई मात्र तोवर यायच्या बंद झाल्या होत्या.

मालक रोज म्हणत, "पुढच्या बहाराले पाहा." पण लाकूडवाल्याने पुढच्या बहाराला थांबायचं नाही असं ठरवलं. त्याने दावा लावला. मालकांनी विकत आणलेलं अत्तर नमुना म्हणून दाखवून लोकांना फसवलं, आणि पैसे परत करीन असा तोंडी शब्द देऊन तो मोडला, असं त्यात म्हटलं होतं. आपण पन्नास नव्हे, दोनशे दिले, असंही होतं. सोबत त्याने गयाबाईलाही अंगठा उठवायला लावलं. एका विधवेचं नाव आपल्या नावाशेजारी असलं की आपलंही बरं दिसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

गयाबाईने हे मालकांना स्वतः येऊन सांगितलं.

"अंगठा देल्ला, भाऊ. दीर घरात राहू देऊन नाई राह्यला. मले माग पायजे."

"बरोबर केलं," मालक म्हणाले. "मी शब्दच देल्ला हाये तं घाबरतं कोन? चहा घे वं."

मालकांच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. तो तरुण होता, हुशार होता. त्याने सांगितलं की प्रकरण सोपं आहे. लेखी काही नाही. कंपनीत पैसा घातला म्हणजे वाटा घेतला, आणि कंपनी बुडाली की वाटा बुडाला. परतीचा शब्द दिला होता, एवढंच काय ते उलट आहे, आणि तो शब्द मालक आणि ती बाई सोडून फक्त तुम्ही ऐकला आहे. मालक साक्षीला उभे राहणार नाहीत, मी त्यांना उभं करणार नाही. तुम्हाला विचारतील. तुम्हाला आठवत नसेल, तर कुणी काही करू शकत नाही.

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर घर जाईल," तो म्हणाला. "त्यांच्याकडे दुसरं काय आहे?"

मी रात्रभर नव्हे, तीन दिवस विचार केला. वर्गात मी एका मुलाला दोनदा हजर लावलं.

दाव्याच्या दिवशी आम्ही टांग्याने कोर्टात गेलो. मालकांनी फेटा बांधला होता आणि उजवी मिशी तेल लावून वळवली होती. वाटेत त्यांनी मला कोर्टात बोलताना हात कुठे ठेवायचे ते सांगितलं.

आधी फसवणुकीचा मुद्दा निघाला. लाकूडवाल्याचं म्हणणं, नमुन्याची बाटली इतवारीतून विकत आणलेली. जज्जसाहेबांनी बाटली मागितली. शिरस्तेदाराने बूच काढलं. जज्जसाहेबांनी ती नाकाशी नेली, पुन्हा दूर केली आणि खिडकी उघडायला सांगितली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठून बाहेर गेला.

मालकांचा वकील उठला. "साहेब, असा माल नागपुरातला कोणताही अत्तरवाला विकेल का, एवढंच माझं म्हणणं आहे."

जज्जसाहेबांनी लाकूडवाल्याकडे पाहिलं. तोही नाकाला रुमाल लावून बसला होता. फसवणुकीचा मुद्दा तिथेच संपला. मालकांना मात्र हे आवडलं नाही. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बूच जोरात काढलं त्यानं. हळू काढाव लागते."

मग लाकूडवाल्याने पुडी काढली. पुडीत चार केस होते. म्हणाला, दर पन्नासाला एक केस मिळाला, चार केस म्हणजे दोनशे झाले. जज्जसाहेब बराच वेळ त्या पुडीकडे पाहत राहिले. असा दस्त त्यांच्यापुढे यापूर्वी आला नसावा. शेवटी आमच्या न्हाव्याला पुढे बोलावलं. त्याने चारही केस उजेडात धरले, एकेक करून बोटावर फिरवले आणि तीन बाजूला काढले.

"हा एक मालकाचा," तो म्हणाला. "चहात बुडून बुडून पिवळा पडला हाये, अन् टोकाले फाटला. हे तीन घोड्याचे."

"कशावरून?" लाकूडवाल्याच्या वकिलाने विचारलं. "तू घोड्यांची हजामत करतोस?"

"नाई करत, वकीलसाहेब. पन शेठच्या टांग्यात बसून आलो ना आता. शेपटी समोरच होती."

लोक हसले. लाकडाचा हिशेब निघाला, तेव्हा असंही कळलं की शेठजींनी पन्नास रुपये देऊन कंपनीला ऐंशी रुपयांचं लाकूड विकलं होतं. जज्जसाहेबांनी ते दोनदा वाचायला सांगितलं. शेठ म्हणाला, "धंदा है साहेब, लाकूड काही फुकट उगत नाही." जज्जसाहेबांनी तेही लिहून घेतलं.

राहिली गयाबाई. ती कठड्याजवळ पदर घट्ट धरून उभी होती. तिच्या वतीने मला बोलावलं. मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि शपथ घेतली.

"प्रतिवादीने या बाईंना पैसे घेताना काय सांगितलं?"

ते मला शब्दान् शब्द पाठ होतं. अजूनही आहे. मी समोर पाहिलं. मालक बाकावर ताठ बसले होते आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, जशी आई बक्षीस समारंभात कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या पोराकडे पाहते.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

मालकांच्या वकिलाने चष्मा काढून पुसला. गयाबाईने मान खाली घातली. आणि मालक उभे राहिले.

"काय म्हटलं, मास्तर?"

"बसा," जज्जसाहेब म्हणाले.

"बसतो, साहेब. पन याइले विचारा, काहून नाई आठवत. मी याइले मुद्दाम बसवलं होतं ऐकाले." ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी पोहे खाऊन राह्यले होते गा. तर्री सांडली होती तुमच्या सदऱ्यावर. गयाबाई खांबाले टेकून बसली होती. मी म्हटलं, कंपनी बुडली तं तुये दोन माग मी उभे करून देईन, माह्या घरातून देईन, कोनाच्या घरातून नाई. मी तुमाले विचारलं, ऐकलं ना, तुमी म्हटलं ऐकलं. तोंडानं म्हटलं."

वकिलाने त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. त्यांनी ते सोडवून घेतलं.

"तुम्ही हा शब्द दिल्याचं कबूल करता?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"कबूल कायचं, साहेब? बोललो मी. बोललेलं हाये ते."

वकिलाने आपले कागद बांधले, सोडले आणि पुन्हा बांधले.

"अजून काही सांगायचं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं. मला वाटतं त्यांनी ते सवयीने विचारलं. पण मालकांनी ते मनावर घेतलं. न्हाव्याला दहा रुपये द्यायचे आहेत, हे त्यांनी सांगितलं. आबकारीच्या जमादाराला चांगला माल निघाल्यावर एक बाटली द्यायची आहे. मास्तरांच्या खोलीच्या छपराची फुटकी कवेलू दोन पावसाळ्यांपासून बदलायची आहेत. स्टेशनवरच्या एका बाईला तिच्या सालीबद्दल अर्धा आणा कबूल केला आहे, पण ती पुन्हा भेटली नाही. कारकून हे सगळं लिहून घेत होता. पाचव्या कबुलीला जज्जसाहेबांनी त्याचा हात थांबवला.

निकाल गयाबाईच्या बाजूने लागला. लाकूडवाल्याला त्याच्या लाकडाच्या नफ्यातच समाधान मानायला सांगितलं.

टांग्यात मालक माझ्याशी बोलले नाहीत. टांगेवाल्याशी बोलले, घोड्याशीही बोलले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ते जिना चढून आले, दारात उभे राहिले, आणि करार त्यांनी मांजराला म्हणून दाखवला. "खोली एक. खिडक्या दोन." माझ्याकडे बघितलंही नाही. मांजर काही बोललं नाही, तरी ते "बरं" म्हणून खाली गेले. मी हसलो, आणि मग बराच वेळ जिन्यावर बसून राहिलो. त्यांच्या घरासाठी मी खोटं बोललो होतो. त्यांनी मला घरापेक्षा जास्त किमतीची जागा दिली होती, आणि ती रिकामीच निघाली, असं मी चारचौघांत दाखवलं होतं.

गयाबाईकडे मी एकदा गेलो. तीच म्हणाली, "तुमाले खोटं बोलता येत नाई, मास्तर. कान लाल झाले होते. मी खाली पाह्यलं, मले हासू येऊन राह्यलं होतं."

"माझ्यामुळे तुझे माग बुडणार होते," मी म्हणालो.

"हो ना. तरीबी येऊन राह्यलं होतं."

मालकांनी मागचं अंगण शेजाऱ्याला विकलं. हंडा मोडीत गेला. त्या पैशात त्यांनी दोन माग आणले, न्हाव्याचे दहा फेडले. पण माग ठेवायचे कुठे? दिराने जागा आधीच बळकावली होती. मालकांनी खालची मोठी खोली झाडून घेतली. गयाबाई म्हणाली, उद्या तुमाले काही झालं तं तुमचे पुतणे मले मागासकट बाहेर काढतील. हे खरं होतं. तेव्हा घर तिच्या नावावर करायचं ठरलं, मालकांनी मरेपर्यंत ओसरीलगतच्या खोलीत राहावं या बोलीवर. आणि त्यासाठी कागद करावा लागणार होता.

रजिस्ट्रारच्या कचेरीत कागदावरचा मजकूर त्यांनी कारकुनाकडून तीन वेळा वाचून घेतला. पहिल्या वेळी डोळे मिटून ऐकला. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर पुटपुटला. तिसऱ्या वेळी कारकून एक शब्द गाळून गेला, तर यांनी तो भरला. कारकून म्हणाला, "आजोबा, पाठच झालं की. आता सही करा." मालकांनी टाक हातात घेतला आणि थांबले. कागदाकडे ते अशा तऱ्हेने पाहत होते, जणू तो बैल अजून जवळपास कुठेतरी असेल. मग ते मागे वळले. मी भिंतीशी उभा होतो. कोर्टातल्या त्या दिवसापासून चार महिने झाले होते.

"मास्तर, ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. "तोंडानं म्हणतो आहे."

त्यांनी सही केली. अक्षर इतकं मोठं होतं की शेवटचा काना शिक्क्याखाली गेला.

त्यानंतर ते सात वर्षं जगले. गयाबाईसाठी कांड्या भरण्याचं काम त्यांनी मागून घेतलं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची लहान नळी. ती सारखी भरावी लागते. मालकांच्या कांड्या एका टोकाला फुगत आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघत. एकदा त्यांनी मला हळूच सांगितलं की सुतालाच वास देऊन लुगडी विणली तर मोठी कंपनी निघेल. ते गयाबाईने ऐकलं.

"भाऊ," ती मागावरून म्हणाली, "कंपनीचं नाव काढलं तं कांड्या काढून घेईन हातच्या."

"मी मास्तराशी बोलून राह्यलो होतो."

"मास्तरालेबी सांगून ठेवते."

डावी मिशी पुन्हा वाढली. वाढली ती पांढरी. उजवी काळीच होती. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी कुणी आलं की ते त्याला बसायला सांगत आणि मला खाली हाक मारत. मी जाऊन ऐकत असे. बहुतेक वेळा ते काहीच कबूल करत नसत. नुसते विचारत, ऐकलं ना. मी हो म्हणत असे.

खालच्या खोलीत गयाबाईचे दोन माग चालतात. वर मी राहतो.